मदत हवी आहे : गोठ्यातील चावऱ्या माश्यांच्या जाती कशा ओळखाव्यात?

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात आमचा गाई-म्हशींचा गोठा आहे. पावसाळा लागल्यापासून जनावरे सतत पाय आपटतात आणि धार काढताना शांत उभी राहत नाहीत. आमच्याकडे अशा सगळ्याच माश्यांना सरसकट गोमाशी म्हणतात. परंतु काही माश्या पकडून भिंगाखाली पाहिल्यावर त्यांत दोन निराळ्या प्रजाती (genus) असल्याचे दिसले. आता प्रत्येकीच्या नेमक्या जातीपर्यंत (species) पोहोचण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिली माशी 6 ते 7 मिलिमीटर लांब असून वरून पाहता घरमाशीच वाटते. मात्र कडेने पाहिल्यास डोक्याखालून सरळ पुढे आलेली, ताठ, काळी, चकचकीत सोंड स्पष्ट दिसते. घरमाशीची सोंड मऊ असते आणि तिला कातडी भेदता येत नाही. ही माशी बहुधा जनावराच्या पायांवर डोके वर करून बसते आणि रक्त पिऊन झाले की भिंतीवर जाऊन विसावते. ती स्टोमॉक्सिस या प्रजातीची आहे, याविषयी मला शंका नाही. बहुतेक नमुन्यांच्या पोटावर प्रत्येक खंडात मध्ये एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे गोल ठिपके आहेत, म्हणून त्यांना मी या प्रजातीतील कॅल्सिट्रान्स ही जात मानतो. काही नमुन्यांत मात्र हे ठिपके आडवे पसरून पट्ट्यांसारखे झाले आहेत. भारतात सिटिएन्स आणि इंडिकस याही जाती आढळतात. तेव्हा केवळ पोटावरील नक्षीवरून निर्णय घ्यावा, की पायांचा रंग आणि डोळ्यांमधील अंतरही तपासावे?

दुसरी माशी जेमतेम 4 मिलिमीटरची आहे. ती म्हशींच्या पाठीवर आणि खांद्यांवर थव्याने, डोके खाली करून बसते आणि हाकलली तरी लगेच परत येते. सोंडेलगतचे स्पर्शक (palps) जवळजवळ सोंडेइतकेच लांब आहेत, तर स्टोमॉक्सिसमध्ये ते अगदी आखूड असतात. त्यामुळे ही हिमॅटोबिया प्रजातीची ठरते. पण तिची जात इरिटान्स की एक्झिग्वा? नराच्या मागच्या पायावरील लांब, वळलेल्या केसांवरून फरक करतात, असे वाचले आहे. ते केस नेमके कोठे पाहावेत, आणि मादी ओळखण्याची काही खात्रीची खूण आहे का?

हे विचारण्यामागे कारण आहे. हिमॅटोबिया ताज्या शेणातच अंडी घालते, तर स्टोमॉक्सिसच्या अळ्या मूत्राने भिजलेल्या भुशात आणि कुजणाऱ्या भाजीपाल्यात वाढतात. आमच्या गोठ्यामागे कांदाचाळीतून काढलेल्या सडक्या कांद्याचा ढीग आहे, त्यामुळे आधी शेण हलवावे की हा ढीग, हे माशी कोणती यावर ठरेल. ओळख पटण्याआधीच जनावरांवर औषध फवारणे मला योग्य वाटत नाही. शिवाय स्टोमॉक्सिस एका जनावरावरून उठून दुसऱ्याला चावताना सर्रा या जनावरांच्या रक्तातील रोगाचे जंतूही नेऊ शकते, म्हणूनही ओळख महत्त्वाची आहे.

नमुने टाचणीवर सुकवावेत की स्पिरिटमध्ये ठेवावेत, आणि छायाचित्रे कोणत्या बाजूंनी काढावीत, हेही कृपया सांगावे. त्याप्रमाणे ती येथे देईन.