प्रयोगमेळाव्यात मुलींच्या हाती फक्त वही राहू नये, यासाठी काय करावे?

प्रश्न

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. येत्या सत्रात सातवी-आठवीच्या मुलींसाठी विज्ञान आणि गणिताचा एक दिवसाचा प्रयोगमेळावा घ्यावा, असे आम्ही तीन शिक्षकांनी ठरवले आहे. मागच्या वर्षी मुले-मुली एकत्र असलेल्या अशाच मेळाव्यात जे दिसले, ते अजून मनातून जात नाही. बहुतेक गटांत सोल्डरिंग आयर्न मुलग्याच्या हातात होते आणि निरीक्षणवही मुलीच्या हातात, आणि तसे करायला आम्ही कोणी सांगितलेले नव्हते. "तुझं अक्षर चांगलं आहे, तूच लिही" एवढे एक वाक्य पुरेसे ठरत होते. माझ्या वर्गातील अतिशय हुशार मुलगी दिवसभर दुसऱ्यांनी घेतलेली मापे सुबक तक्त्यात मांडत बसली आणि संध्याकाळी साधनाला बोटही न लावता घरी गेली.

म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मेळावा केवळ मुलींसाठी ठेवणे योग्य ठरेल का, की त्यामुळे "यांच्यासाठी सोपे करून दिले आहे" असा चुकीचा संदेश जाईल? आणि असे कोणते प्रयोग घ्यावेत, ज्यांत गणित प्रयोगाला मागाहून जोडल्यासारखे वाटणार नाही?

प्रतिसाद १

केवळ मुलींसाठी ठेवा आणि काठिण्य मुळीच कमी करू नका. वेगळी जागा देणे म्हणजे वेगळी पातळी ठेवणे नव्हे. मुलींसाठीचे युरोपीय गणित ऑलिंपियाड २०१२ साली केंब्रिज येथे सुरू झाले. तेथील प्रश्न भल्याभल्यांचा घाम काढतात, आणि तरीही त्या सभागृहात "मी इथे एकटीच मुलगी आहे" ही जाणीव कोणालाही सोबत वागवावी लागत नाही. हा भार उतरला की मुली चुकायला घाबरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

मात्र गट केवळ मुलींचा झाला म्हणून वहीचा प्रश्न सुटत नाही, कारण गटातील अबोल मुलीकडेच वही जाते. आम्ही दर वीस मिनिटांनी कामे बदलतो: साधन एकीच्या हातात, घड्याळ दुसरीच्या, वही तिसरीच्या, आणि घंटा वाजली की अदलाबदल झालीच पाहिजे. सुरुवातीला मुली कुरकुर करतात, दुपारनंतर स्वतःच घंटेची वाट पाहू लागतात.

प्रतिसाद २

गणित आतूनच यावे असे वाटत असेल, तर लंबकापासून सुरुवात करा. दोरा, लोखंडी नट, मोजपट्टी आणि मोबाइलमधील स्टॉपवॉच एवढेच साहित्य लागते. आधी २५ सेंटिमीटर लांबीचा लंबक थोड्याशाच कोनातून सोडून दहा आंदोलनांचा वेळ मोजायला सांगा. तो सुमारे दहा सेकंद येतो, म्हणजे एका आंदोलनास एक सेकंद. मग कोणालाही दोऱ्याला हात लावू न देता विचारा, दोन सेकंद हवे असतील तर दोरा किती लांब घ्याल? जवळजवळ सगळ्या मुली ५० सेंटिमीटर म्हणतात. मोजल्यावर साधारण १.४ सेकंद येतात, आणि वर्गात जी शांतता पसरते तिच्यासाठीच हा प्रयोग करावा. त्या वेळी कृपया सूत्र सांगू नका. दोरा वाढवत वाढवत त्या स्वतः एक मीटरपर्यंत पोहोचतात, दोन सेकंद मिळवतात, आणि मग कोणीतरी म्हणते की वेळ दुप्पट हवा तर लांबी चौपट लागते. वर्गमूळ त्या दिवशी तिचे स्वतःचे होते.

एका मेळाव्यात एका मुलीची सगळी उत्तरे थोडी जास्त येत होती. शेजारच्या गटाचे आकडे उतरवून घेण्याचा सोपा मार्ग होता, पण तिने अर्धा तास खर्चून कारण शोधले: ती लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत मोजत होती, नटाच्या मध्यापर्यंत नव्हे. ते सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की तो आनंद मला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटतो. म्हणून वेळापत्रकात चुका शोधायला सवड ठेवा. बारा प्रयोग उरकण्यापेक्षा तीन पुरेत.

दुसरा प्रयोग म्हणून स्ट्रॉ आणि दोऱ्याचे घनाकार करून घ्या. शिरोबिंदूंतून कडा वजा करून पृष्ठे मिळवली की घनाला ८ − १२ + ६ म्हणजे २ येतात आणि पिरॅमिडलाही २ येतात. सगळ्यांची खात्री पटली की मधोमध आरपार भोक असलेली जाड चौकट कागदाची करून त्यांच्या हाती द्या. चारही कोपरे तिरप्या जोडाचे असतील, तर १६ − ३२ + १६ म्हणजे शून्य येते. "असं का?" हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. भर एवढीच घालते की आपली भाषाही तपासावी. संशोधक चेंबर्स यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलामुलींनी वैज्ञानिकाचे चित्र काढले होते. त्यांपैकी केवळ २८ चित्रांत स्त्री होती आणि ती सर्व चित्रे मुलींनीच काढलेली होती. पुढे परिस्थिती पुष्कळ सुधारली, तरी मुले मोठी होत जातात तसतशी त्यांच्या चित्रांत पुरुष वैज्ञानिकांची संख्या वाढत जाते, असे नंतरच्या अभ्यासांच्या आढाव्यातही दिसले. २०१९ सालच्या एका संशोधनात लहान मुलींना "आज आपण वैज्ञानिक होऊ या" असे म्हणण्याऐवजी "आज आपण विज्ञान करू या" असे म्हटल्यावर त्या पुढच्या विज्ञानखेळात अधिक चिकाटीने टिकल्या. "होणे" म्हटले की आपण त्या साच्यात बसतो का ही शंका येते; "करणे" म्हटले की हात चालू लागतात.

याच कारणासाठी, २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक, मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री, गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांचे फक्त छायाचित्र भिंतीवर लावण्याने काम भागणार नाही. त्या मोठाले कागद जमिनीवर पसरून त्यांवर पुन्हापुन्हा आकृत्या काढत विचार करत असत, हे मुलींना अवश्य सांगा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेळावा मुलींसाठीच ठेवतो आहोत. अकरा प्रयोगांची यादी तीनवर आणली आहे, आणि दर वीस मिनिटांनी घंटा वाजवण्याचे काम माझ्याकडे घेतले आहे. मागच्या वर्षी तक्ते मांडत बसलेल्या त्या मुलीला आज लंबकाचे साहित्य आधी वापरून पाहायला दिले. तिने दोरा कापला, गाठ मारली आणि मोजपट्टी हातात घेऊन मला विचारले, "बाई, लांबी नक्की कुठपर्यंत मोजायची?" मी उत्तर दिलेले नाही.