लाकडावरच्या बॉयलरचा पंप नेमका कुठे बसवावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही उत्तर विस्कॉन्सिनमध्ये गावाबाहेर राहतो. गॅसची पाइपलाइन इथवर आलेली नाही, प्रोपेनचं बिल हिवाळ्यात डोळे पांढरे करतं, आणि आमच्याच रानात ओक-मेपलची लाकडं भरपूर. म्हणून घरापासून ११० फुटांवर, अंगणात, लाकडावरचा बॉयलर बसवतोय. गरम पाणी जमिनीखालून बेसमेंटमध्ये येईल, फर्नेसच्या डक्टमधल्या (घरभर गरम हवा नेणाऱ्या नळीतल्या) कॉइलमधून फिरेल आणि परत जाईल. वरच्या मजल्यावरचे दोन रेडिएटरही त्याच पाण्यावर चालवायचा विचार आहे.

बॉयलर उघड्या प्रकारचा आहे, टाकीला वर व्हेंट, आत दाब नाही. टाकीतली पाण्याची पातळी जमिनीपासून ५ फूट, रेडिएटर १२ फुटांवर, बेसमेंटची फरशी जमिनीखाली ७ फूट. पाइप १ इंची पेक्स (लवचिक प्लास्टिकचा), पाणी १८५ अंश फॅरनहाइट.

अडलंय ते पंपावर. दुकानदार म्हणतो, बॉयलरच्या मागच्या कप्प्यात, सप्लाय (घराकडे जाणारी गरम पाण्याची लाइन) निघते तिथेच लावा. प्लंबर म्हणतो, बेसमेंटमध्ये रिटर्नवर (बॉयलरकडे परत जाणाऱ्या लाइनवर) लावा. पाणी निवून आलेलं असतं, पंप टिकतो, आणि जानेवारीत उणे २५ सेल्सियसला रात्री पंप बंद पडला तर घरात बसून बदलता येतो. हा शेवटचा मुद्दा मला फार पटतो. दोघंही छातीठोकपणे सांगतात, पण कारण नीट कुणी सांगत नाही. जमीन गोठायच्या आत चर बुजवायचा आहे. यंदा आई-बाबा हिवाळाभर इथेच आहेत, त्यामुळे काहीतरी जोडून मोकळं व्हायचं नाही. पंप कुठे लावू आणि का, कृपया सांगा.

प्रतिसाद:

रिटर्नवर अजिबात नको. उघड्या टाकीत पाण्यावर फक्त हवेचा दाब असतो, साधारण १४ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, दाबाचं माप). टाकीपासून पंपापर्यंत पाणी ओढलं जातं, तिथे दाब घटतो. पंपाच्या पुढे वाढतो. पंप रिटर्नवर गेला की तुमचं अख्खं घर ओढीच्या बाजूला येतं. मिनिटाला ८ गॅलन धरा. ११० फूट १ इंची पेक्समध्ये घर्षणाला ४ पीएसआयच्या आसपास जातात, टाकीच्या पातळीवर ७ फूट चढायला आणखी ३. उरले ७. आणि १८५ अंशांचं पाणी ८.४ पीएसआयच्या खाली गेलं की उकळतं! म्हणजे वरच्या रेडिएटरमध्ये वाफ आणि हवा कोंडणार, प्रवाह तुटणार.

पण प्लंबरचं थंडीबद्दलचं म्हणणं खरं आहे, आणि ते तुम्हाला साधता येईल. पंप बेसमेंटमध्येच लावा, मात्र सप्लायवर, कॉइलच्या आधी, फरशीलगत. ती जागा टाकीच्या पातळीखाली जवळपास १२ फूट, म्हणजे ५ पीएसआय वाढीव मिळतात आणि घर्षणाचे ४ त्यातच भरून निघतात. दोन्ही अंगांना बॉल व्हॉल्व्ह हवेतच, नाहीतर पंप बदलायला अख्खी टाकी रिकामी करावी लागेल. पंपाचा शाफ्ट आडवा ठेवा. उघड्या पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो, म्हणून पंप ब्राँझचा किंवा स्टेनलेसचा घ्या.

बॉयलरचं पाणी वरच्या मजल्यावर मात्र नेऊच नका. पंप थांबला की वर दाब हवेपेक्षा कमी होतो आणि एअर व्हेंटमधून हवा आत शिरते. बेसमेंटमध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण) लावा, रेडिएटरचं बंद सर्किट वेगळं करा. त्याला स्वतःचा एक्स्पान्शन टँक (गरम होऊन फुगलेलं पाणी सामावणारी छोटी टाकी), आणि छोटा पंप त्या टँकच्या पुढे.

चर अजून उघडा आहे ना? मग १ इंचीऐवजी सव्वा इंची पेक्स टाका. तेवढ्याच पाण्याला घर्षण निम्म्याहून कमी होतं, लहान पंप पुरतो, आणि हा बदल नंतर करायचा तर सगळं पुन्हा खणावं लागेल.