पंढरपूरच्या कथा फेकून द्यायच्या म्हणता?

भीमातीर: काल इथेच एकाने लिहिलं, "पंढरपूर म्हटलं की वीट, पुंडलिक आणि भानुदासांनी हंपीहून आणलेली मूर्ती. या भाकडकथा बंद करा, शिलालेख दाखवा." वाचून डोकं फिरलं. शिलालेखच हवा ना? 1237 चा होयसळ सोमेश्वराचा लेख बघा. त्यात भीमरथीकाठचं पंडरगे, म्हणजे आपलं पंढरपूर, आहे आणि पुंडरीक मुनीही आहे. म्हणजे पुंडलिक कुणा कीर्तनकाराने काल-परवा रचलेला नाही. देवळातला चौऱ्यांशीचा लेख तर शके 1195 ते 1199 मधल्या देणग्यांची नोंद, रामदेवराव यादवाच्या काळची. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून लोक त्यालाच पाठ घासत आले. इतिहास आणि श्रद्धा एकाच दगडावर आहेत, त्या वेगळ्या कशा काढणार?

पुरावा_आधी: ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने मूर्ती हंपीला नेली, एकनाथांच्या पणजोबांनी, म्हणजे भानुदासांनी, परत आणली, हे गाईड छातीठोकपणे सांगतात. कृष्णदेवराय गादीवर आला 1509 मध्ये, आणि हंपीचं विठ्ठल मंदिर त्याच्या आधीपासूनचं, असं अनेक अभ्यासक मानतात. दुसरं, चोखोबा. मंगळवेढ्यात गावकूस कोसळून गेले, हाडांतून विठ्ठलनाम ऐकून नामदेवांनी ती ओळखली, हे गहिवरून सांगता. समाधी महाद्वाराबाहेरच का, हे कोण सांगतं? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे दलितांना देवळाचं दार उघडलं.

चोख्याची_पायरी: आम्ही सांगतो. माझे पणजोबा कळसाला हात जोडून माघारी फिरायचे. आजोबा आत गेले ते त्या उपोषणानंतर. आमच्या घरी हाडांची कथा रडवायला सांगत नाहीत. दार बंद केलं तरी नाव अडवता आलं नाही, हे पोरांना कळावं म्हणून सांगतात. तिला भाकड म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

महाद्वार_गल्ली: तुम्ही कथांवर भांडत बसा, इकडे देवळाभोवतीचे रस्ते मोठे करायच्या कॉरिडॉरच्या नकाशात आमचा वाडा जातोय. पिढ्यान्पिढ्या त्याच दिंडीची माणसं आमच्या ओसरीवर उतरतात, चुली मांडतात. तो वारसा नाही का?

सोलापूरकर: दादा, कार्तिकीला त्याच गल्लीत माझी आई चेंगरता चेंगरता वाचली. मागे सरकायला जागा नव्हती. काशीला 2021 मध्ये कॉरिडॉर झाला, पाडलेल्या घरांच्या आतून जुनी देवळं निघाली. रस्ता मोठा व्हायलाच हवा.

महाद्वार_गल्ली: काशीत वारी येते का? आपली माणसं चालत येतात, मुक्काम करतात. घरं पाडल्यावर ती झोपणार कुठे, हॉटेलात? तुम्ही दर्शन घेऊन संध्याकाळी घरी जाता, म्हणून बोलणं सोपं आहे.

सोलापूरकर: माझ्या आईचा जीव तुमच्या ओसरीपेक्षा स्वस्त नाही!

भीमातीर: माउली, जरा दमानं. आणि हो, भानुदासांची कथा 'सांगतात' म्हणूनच सांगावी, एवढं मान्य. याहून जास्त नाही.

पुरावा_आधी: तेवढंच तर मागत होतो. चोखोबांच्या बाबतीत 'भाकड' हा शब्द मागे घेतो, बाकीच्यांसाठी नाही.

महाद्वार_गल्ली: मग पुरावेवाल्यांनो, इकडेही या. हातोडा पडण्याआधी एकेका वाड्याची मोजमापं, फोटो आणि तिथे कोणती दिंडी उतरते याची नोंद करा. आमच्यापासून सुरुवात करा, दार उघडं आहे.