पडत्या काळात साथ न सोडणारा मित्र: तुमचा अनुभव सांगा

वाईट दिवसांत कोण धावून आलं हे आपण घरात दहादा बोलतो, त्या माणसाला सांगायचं मात्र राहून जातं. ते इथे लिहूया. नाव नको, त्याने नेमकं काय केलं तेवढं लिहा. सुरुवात मी करतो.

डिचोलीहून

सप्टेंबर २०१२. चवथ (गणेशचतुर्थी) आठवडाभरावर आली आणि गोवा सरकारने खाणी बंद केल्या. माझा एकच ट्रक, तोही कर्जाचा. खाण ते जेटी ट्रिपा मारायच्या, त्यातून हप्ता भरायचा. सगळं एका आदेशात थांबलं.

त्या वर्षी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायचंही मनात नव्हतं. संध्याकाळी शाळेपासूनचा दोस्त नारळ, सुपारीचे घड, चिबूड घेऊन दारात उभा. त्यानेच बांधली.

पुढे दर रविवारी सकाळी तो यायचा. त्याचा खाणीशी काही संबंध नाही, बाजारात केळी विकतो. येताना कॅनमधून डिझेल आणायचा. बॅटरी उतरू नये म्हणून ट्रकवर चढून चावी फिरवायचा, दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवायचा. टायरांभोवती वाढलेलं गवत उपटायचा. मला त्या ट्रककडे बघवत नसे, मी आत पडून असायचो. इंजिनाचा आवाज आला की आई म्हणायची, "ऊठ, तो आलाय. चहा घे त्याच्याबरोबर." आठवड्यातून तेवढ्याच दिवशी मी दाढी करायचो.

हप्त्यांसाठी त्याने दिलेले पैसे लिहून ठेवले होते, फेडले. त्या रविवारांची फेड कशी करू?

वाळपईहून

२३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी घरात शिरलं. मातीची भिंत बसली. मैत्रीण चिखल तुडवत आली आणि भांडीकुंडी सोडून आधी पत्र्याची पेटी उचलून घेऊन गेली. रेशनकार्ड, मुलांच्या मार्कशीट, जमिनीचे कागद, एकेक पान वर्तमानपत्रात ठेवून तिने हलक्या इस्त्रीने सुकवलं. रात्रभर. लेकाची दहावीची मार्कशीट अजून तशीच आहे, कडेला तपकिरी डाग पडलेली. बाकीची मदत पुष्कळांनी केली, त्यांचेही उपकार आहेतच.

पेडण्याहून

नवऱ्याचं डायलिसिस बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, आठवड्यातून दोनदा. म्हापशाची माझी ख्रिश्चन मैत्रीण दर खेपेला स्टँडवर यायची, हातात पेजेचा डबा आणि लोणचं. एकदा मी बसमध्येच रडायला लागले. ती तिकीट काढून शेजारी बसली. "भिवनाका, हांव आसां," एवढंच बोलली आणि बांबोळीपर्यंत आली. त्या दिवशी तिच्याच घरी पाहुणे होते, हे मला फार उशिरा कळलं.

फोंड्याहून

मी बोटीवर कामाला होतो. २०२० मध्ये घरी बसलो, ते वर्षभर. मित्राच्या दुकानातून तांदूळ, तेल, साखर उधारीवर यायचं, तो वहीत लिहायचा. पुन्हा बोट मिळाली, पहिल्या पगारात हिशेब करायला गेलो. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या अंदाजाच्या निम्मीही नव्हती. वही दाखव म्हटलं, तर म्हणाला, "ती पावसात भिजली रे."

वही गल्ल्यावरच होती, कोरडी.