केंटकीची तटस्थता : शहाणपण की पळवाट?

धागाकर्ता

अमेरिकेच्या यादवी युद्धाची आपल्याकडे चर्चा होते ती उत्तर आणि दक्षिण या दोनच बाजूंची. गुलामगिरी कायम ठेवूनही संघराज्यातून न फुटलेली सीमेवरची राज्ये त्यात मागे पडतात, म्हणून केंटकीविषयी लिहितो. उत्तरेचे लिंकन आणि दक्षिणेचे जेफरसन डेव्हिस हे दोन्ही बाजूंचे अध्यक्ष याच राज्यात, आठ महिन्यांच्या अंतराने जन्मले. तडजोडीसाठी अखेरपर्यंत झटलेले सिनेटर क्रिटेंडन यांचा एक मुलगा उत्तरेचा जनरल झाला आणि दुसरा दक्षिणेचा.

एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेचे बंड मोडण्यासाठी ७५,००० सैनिकांची हाक दिली तेव्हा गव्हर्नर मॅगॉफिन यांनी साफ नकार दिला आणि मे महिन्यात राज्याने तटस्थता जाहीर केली. या तटस्थतेला भित्रेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या तापलेल्या एप्रिलमध्येच कौल मागितला असता, तर राज्य दक्षिणेकडे झुकण्याचा धोका खरा होता. मिळालेल्या उसंतीत लोक विचार करू शकले : जूनमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, राज्यातल्या १० पैकी ९ जागा संघराज्यवाद्यांना मिळाल्या आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळही त्यांच्याच हाती गेले. सप्टेंबरच्या आरंभी दक्षिणेचे जनरल पोक यांनी केंटकीतले मिसिसिपीकाठचे कोलंबस बळकावले, लगोलग उत्तरेचे जनरल ग्रँट यांनी राज्यातलेच पडुका घेतले, आणि विधिमंडळाने चालते होण्यास सांगितले ते फक्त दक्षिणेच्या फौजेला. केंटकी गमावणे म्हणजे जवळजवळ सगळा डाव गमावणे, असे लिंकन यांनी त्याच महिन्यात एका पत्रात लिहिले होते.

रानवाट

ते पत्र कशासाठी लिहिले होते, हेही सांगायला हवे होते. मिसूरीत जनरल फ्रेमाँट यांनी बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांनी तो बदलायला लावला आणि त्याचे समर्थन या पत्रात केले. म्हणजे केंटकी राखण्याची किंमत गुलामांनी मोजली. १८६० च्या जनगणनेत या राज्यात सव्वादोन लाखांहून अधिक गुलाम होते. १८६३ ची मुक्तीची घोषणा त्यांना लागू झाली नाही, कारण ती बंडखोर प्रदेशापुरतीच होती. राज्य निष्ठावंत राहिले म्हणून तिथला माणूस गुलाम राहिला.

कॅम्प नेल्सन या लष्करी तळावर हजारो कृष्णवर्णीय भरती झाले, कारण भरती झालेल्याला स्वातंत्र्य मिळत असे. त्यांच्या बायकामुलांना मात्र ते नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये, कडाक्याच्या थंडीत, अशा सुमारे ४०० जणांना तळाबाहेर हाकलण्यात आले आणि त्यांतले शंभराहून अधिक दगावले. जोसेफ मिलर या सैनिकाची शपथेवर दिलेली जबानी उपलब्ध आहे. आजारी मुलाला या थंडीत नेले तर तो मरेल, असे त्यांनी पहाऱ्यावरच्या शिपायाला सांगितले. उत्तरादाखल गोळी घालण्याची धमकी मिळाली. रात्री शोधत गेले तेव्हा सहा मैलांवर निकोलसव्हिलच्या एका जुन्या प्रार्थनागृहात कुटुंब कुडकुडत, उपाशी बसलेले सापडले. मुलगा गेला होता. ते रात्रीच तळावर परतले, सकाळी पुन्हा चालत गेले, स्वतः खड्डा खणला आणि मुलाला पुरले. हे हाकलणारे सैन्य उत्तरेचे होते.

नदीकाठ

तुमच्या दोघांच्याही मांडणीत ‘केंटकी’ हा एकच माणूस असल्यासारखे वाटते. तटस्थतेच्या उन्हाळ्यातही लुईव्हिलहून रेल्वेने दक्षिणेकडे माल जात होता आणि दुसरीकडे लिंकन यांचे लोक संघराज्यवाद्यांना गुपचूप बंदुका पोचवत होते. नोव्हेंबरमध्ये दक्षिणवाद्यांनी रसेलव्हिलला स्वतंत्र सरकार स्थापले, डिसेंबरात त्याला दक्षिणेच्या महासंघात प्रवेश मिळाला आणि महासंघाच्या झेंड्यावरचा तेरावा तारा केंटकीचा ठरला. तटस्थ नेमके कोण होते?

आणखी एक. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला, आणि तो आदर योग्यच होता. पण त्या अमेरिकनांमध्ये केंटकीतून संघराज्याच्या सैन्यात गेलेले २३ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय सैनिकही मोजले पाहिजेत. राज्याची भूमिका म्हणून आपण गव्हर्नरचे जाहीरनामे वाचतो आणि हे सैनिक विसरतो.

धागाकर्ता

पत्राचा संदर्भ मी द्यायला हवा होता. मिलर यांची हकिकत मला ठाऊक नव्हती. ती वाचल्यावर ‘शहाणपण’ हा शब्द मी आधीसारखा सहज वापरणार नाही. तरीही एका मुद्द्यावर ठाम आहे. ओहायो नदीचा दक्षिण काठ शत्रूकडे गेला असता, तर फेब्रुवारी १८६२ मध्ये ग्रँट यांना टेनेसी आणि कंबरलँड नद्यांवरचे किल्ले इतक्या लवकर घेता आले नसते. युद्ध लांबले असते आणि मुक्तीही लांबली असती.

रानवाट

कदाचित. पण केंटकीच्या विधिमंडळाने गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती फेब्रुवारी १८६५ मध्ये फेटाळली आणि तिला मंजुरी दिली ती थेट १९७६ मध्ये. ती फेटाळल्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १८६५ मध्ये, सैनिकांच्या बायकामुलांना मुक्त करणारा कायदा अमेरिकी काँग्रेसमध्ये झाला. तो कॅम्प नेल्सनच्या बातमीने उसळलेल्या संतापातून आला, तटस्थतेतून नव्हे. तोवर मिलर, त्यांची पत्नी आणि मुले, यांपैकी कोणीही जिवंत नव्हते.