उठावाच्या अक्षरांची जुनी नंबरप्लेट घरी रंगवायची आहे: रंग काढू का, प्रायमर कोणता, अक्षरं कशी?

जुनी_चाकं

पत्र्याच्या दोन जुन्या नंबरप्लेट आहेत. दोन्हींवर ठोकून उठवलेली अक्षरं, काळ्यावर पांढरी. एकीला लोहचुंबक चिकटतं, दुसरीला नाही. चिकटणारीला बोल्टच्या भोकांभोवती गंज आहे आणि पूर्वी कुणीतरी वरूनच ब्रशने रंग फासलाय, त्यामुळे अक्षरांच्या कडा बुजल्यात. दुसरीचे पोपडे निघतायत आणि खाली पांढरट भुकटी दिसते. रस्त्यावरच्या गाडीला लावायच्या नाहीत, भिंतीवर टांगायच्या आहेत.

सगळा रंग काढावा का? दोन्हींना एकच प्रायमर चालेल का? आणि मुख्य अडचण म्हणजे अक्षरावर ब्रशने पांढरा द्यायला गेलं की रंग उतारावरून खाली ओघळतो आणि कड सरळ येत नाही. त्याला काय करायचं?

तांबेरा

सरसकट रंग काढायची घाई नको. कारखान्यातला रंग बहुधा भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे हवेवर वाळलेल्या ब्रशच्या रंगापेक्षा चिवट असतो. एका कोपऱ्यात बोळ्याने थोडा पेंट रिमूव्हर लावा आणि मिनिटभरात पुसून घ्या. पुष्कळदा वरचा थरच निघतो आणि खाली मूळ रंग धड सापडतो. तो बऱ्यापैकी शिल्लक असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा, मेण लावा आणि तिथेच थांबा. जुन्या प्लेटा जमवणारे मूळ रंगाला नव्या रंगापेक्षा जास्त मानतात, भले तो चार ठिकाणी उडालेला असो.

काढायचाच असेल तर लोखंडी प्लेटवर जेलसारखा रिमूव्हर जाड लावा, वरून प्लॅस्टिकचा कागद पसरा म्हणजे तो वाळत नाही, आणि २०-३० मिनिटं तसंच ठेवा. सपाट भाग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, अक्षरांच्या कडेला नायलॉनचा कडक ब्रश वापरा. ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश मात्र लांब ठेवा. तो गंज काढतो तशी अक्षरांची धारही गोल करतो, आणि एकदा गोल झालेली धार परत येत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका आणि हीट गनही वापरू नका. ओलं करून घासा, निघालेला चिखल कागदावर गोळा करून पिशवीत बांधा, हातमोजे घाला.

गंजासाठी सायट्रिक ॲसिड पुरतं: लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये. प्लेट पूर्ण बुडाली पाहिजे. अर्धी बाहेर राहिली तर पाण्याच्या पातळीवर जी रेघ खाल्ली जाते ती रंगाखालूनही दिसते. सहा तासांनी पहिल्यांदा बघा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लागलं तर रात्रभर ठेवा. मग धुवा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, पुन्हा धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. फडक्याने पुसून ठेवली तर तासाभरात नारिंगी झाक येते. प्रायमर त्याच दिवशी.

लोहचुंबक न चिकटणारी बहुतेक ॲल्युमिनियमची आहे, आणि ती पांढरी भुकटी म्हणजे त्याचाच गंज. तिच्याजवळ कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक असलेला रिमूव्हर आणूच नका. तो रंगाबरोबर पत्राही खातो आणि वर हायड्रोजन सुटतो. ३२० नंबरच्या वॉटर पेपरने साबणाच्या पाण्यात घासणं पुरेसं आहे. लोखंडी काथ्या किंवा तारेचा ब्रशही नको. लोखंडाचे कण मऊ पत्र्यात रुततात आणि तिथून पुढे गंज फुटतो.

प्रायमर: इपॉक्सी दोन्हींना चालतो, फक्त डब्यावर ॲल्युमिनियमचा उल्लेख आहे ना ते बघून घ्या. तो नसेल तर लोखंडाला झिंक फॉस्फेटचा प्रायमर, आणि ॲल्युमिनियमला पातळ एच (etch, म्हणजे आम्लाने पत्र्याला धरणारा) प्रायमर देऊन त्यावर साधा. नुसता रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमला धरत नाही, सालासारखा सुटतो. गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं कन्व्हर्टर (गंजाचं रूप बदलून तो थांबवणारा द्राव) लावलं असेल तर वर एच प्रायमर नको: दोन्ही आम्लाचेच प्रकार, आणि खाली उरलेलं ॲसिड थर धरू देत नाही.

गंजाने पडलेल्या खड्ड्यांत धातूसाठीची इपॉक्सी लांबी (पुट्टी) भरता येते, पण अक्षराच्या पायथ्याशी भरू नका. तिथला खोलवा गेला की उठाव मेला.

भिंग

वरच्यात एक भर. पत्रा वाकलेला असेल तर तो रंगाच्या आधी सरळ करा, कारण पुढे पांढरा रंग रोलरने द्यायचा आहे आणि तो सगळ्या अक्षरांना सारखा टेकायला हवा. रबराच्या जाड तुकड्यावर प्लेट पालथी ठेवा, अक्षरांमधल्या सपाट जागेवर लाकडी ठोकळा धरा आणि मोगरीने हलके ठोके द्या. अक्षराच्या पोकळीत ठोकलं तर आणखी उठाव येतो आणि पत्रा फाटूही शकतो.

आता अक्षरं. ब्रश सोडा. ब्रशमध्ये रंग जास्त असतो आणि उतार दिसला की तो उतरतो. अशी अक्षरं कारखान्यात रोलरनेच रंगवतात, घरीही तेच करायचं.

आधी पूर्ण प्लेट काळी करा. एनॅमलचा स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, पातळ तीन हात, मध्ये १०-१५ मिनिटं. फवारा प्लेटच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. अक्षरांच्या उभ्या बाजू समोरून मारलेल्या फवाऱ्यात कोऱ्या राहतात, म्हणून पहिला हात चारही बाजूंनी तिरपा मारा. हवा दमट असेल तर त्या दिवशी राहू द्या, चकाकी जाऊन दुधाळ झाक येते.

मग थांबायचं. सगळं काम बिघडतं ते इथेच. एनॅमल दिवसभरात हाताला कोरडा लागतो, पण आतून मऊ असतो. मागच्या बाजूला नख दाबा: वण उठत असेल, किंवा नाक जवळ नेल्यावर रंगाचा वास येत असेल, तर तो तयार नाही. साधारण आठवडा धरा.

पांढऱ्यासाठी कडक रबराचा छोटा रोलर घ्या, ठशांच्या छपाईला वापरतात तो. फोमचा रोलर दबतो आणि कडेवरून खाली उतरतो. काचेच्या तुकड्यावर चमचाभर एनॅमल ओता, थिनर अजिबात नको. पातळ वाटला तर पसरून ५-१० मिनिटं उघडा ठेवा. मग रोलर आडवा-उभा फिरवत राहा. सुरुवातीला तो रंगावरून नुसता घसरतो. थर पातळ आणि चिकट झाला की चरचर असा आवाज येऊ लागतो आणि रोलरवर संत्र्याच्या सालीसारखा बारीक पोत दिसतो. त्या वेळी प्लेटवर न्यायचा. दाब द्यायचा नाही, रोलरचं वजन पुरे. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवा.

पहिला हात ठिपक्याठिपक्यांचा आणि करडा दिसेल. तो सुधारायला जाऊ नका, त्याच मोहात रंग खाली उतरतो. २४ तासांनी दुसरा, लागला तर तिसरा. काठाची उठलेली चौकट काळी ठेवायची असेल तर तिच्यावर आधी टेप.

पांढरा खाली लागलाच तर टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेल्या कापसाच्या काडीने दोन-चार मिनिटांत पुसा. खालचा काळा पुरता पिकलेला असेल तरच हे जमतं. एनसी थिनर (लॅकरचा जहाल थिनर) वापरलात तर काळाही उचलला जाईल.

जुनी_चाकं

रोलरचं नीट कळलं. आठवडाभर थांबण्याऐवजी प्लेट ओव्हनमध्ये तापवली तर? आणि शेवटी वरून क्लिअर कोट (पारदर्शक हात) द्यावा का?

रंगहात

तापवता येते, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये मुळीच नको. आधी एक दिवस हवेवर, मग ६०-६५ अंशांवर तासभर. ताजा रंग सरळ तापवला तर वरची साय धरते, आतलं थिनर बाहेर पडताना ती फोडतं आणि सुईच्या टोकाएवढे फोड राहतात. तापवल्यावरही भिंग यांनी सांगितलेली नखाची परीक्षा चुकवू नका.

क्लिअर माझ्या मते नको. चांगल्या एनॅमलला स्वतःची चकाकी असते, आणि भिंतीवरच्या जुन्या प्लेटवर काचेसारखी चमक उपरी दिसते. एनॅमलवर लॅकरच्या जातीचं क्लिअर मारलं तर खालचा रंग सुरकुततो. हार्डनरवालं टू-के (दोन भाग मिसळून वापरायचं क्लिअर) घरात नकोच. त्यातल्या आयसोसायनेटला साधा मास्क पुरत नाही.

पांढरा रंग निवडताना डब्यातला शुभ्र घेऊ नका. रंग काढण्याआधी बोल्टच्या वॉशरखालची जागा बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं. जुना पांढरा बहुतेक दुधाच्या सायीकडे झुकलेला सापडेल. पांढऱ्यात पिवळ्या ऑक्साइडचे एक-दोन थेंब घाला, काडीवर घेऊन वाळवा आणि उजेडात त्या जागेशी ताडून बघा. ओल्या रंगावरून ठरवू नका, वाळल्यावर छटा बदलते.

हे वाचून कुणी चालू गाडीची प्लेट रंगवायला निघेल म्हणून सांगतो. परावर्तक पत्र्यावर रंग द्यायचा नाही. त्याचा वरचा थर प्रकाश परत फेकतो, रंगाखाली तो आंधळा होतो आणि रात्री नंबर वाचता येत नाही. पुष्कळ देशांत प्लेटमध्ये फेरफार हा गुन्हा आहे, तेव्हा आधी नोंदणी कार्यालयात विचारा. आणि टवका काचेसारख्या धारदार कडेचा उडालेला दिसला तर ती भाजलेल्या काचेची मीनाकारी आहे. तिला रिमूव्हर नको, घासकागद नको, फक्त धुवा.

टांगताना भोकांच्या आतल्या कडेलाही बारीक ब्रशने प्रायमर आणि रंग लावा, गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. स्क्रूखाली नायलॉनचं वॉशर घाला. ॲल्युमिनियमच्या प्लेटला तर ते हवंच, नाहीतर स्टीलच्या स्क्रूभोवती दमट भिंतीवर ती पांढरी भुकटी पुन्हा धरेल.