बिलातले ‘हजेरी’, ‘उक्तं’ आणि ‘वरचे टक्के’

विचारणा (मानेवाडा, नागपूर): स्वयंपाकघराच्या कामाचं बिल आलं. त्यात ‘मिस्त्री, हजेरी’, ‘ओटा उक्तं’ आणि ‘मटेरियल + 15 टक्के’ अशा ओळी आहेत. काम चाललं त्या दिवसांपेक्षा हजेऱ्या जास्त कशा? आणि हे टक्के कशावरचे?

इतवारी: भाऊ, हजेरी म्हणजे दिवस नाही, एका माणसाचा एक दिवस. दोन मिस्त्री अन् एक रेजा (मजूर बाई) आली की एका दिवसात तीन हजेऱ्या. रोजी मात्र प्रत्येकाची वेगळी, म्हणून मिस्त्रीच्या अन् रेजाच्या हजेऱ्या एकाच ओळीत घालू देऊ नका. रात्री उशिरापर्यंत थांबवलं की दीड हजेरी लागते. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी कोणी काम करत नाही, सकाळी लवकर लागतात अन् ऊन उतरल्यावर पुन्हा. तेव्हा एका हजेरीत किती तास, हे आधीच बोलून घ्यायचं असते.

धरमपेठ: ‘उक्तं’ म्हणजे ठरावीक रकमेत अख्खं काम अंगावर घेतलेलं, ठेका म्हणा. मिस्त्री रेंगाळला तर उक्त्यात तोटा त्याचा, हजेरीत तुमचा. खरी गोम मला वेगळीच दिसते: ओटा उक्ता असेल, तर ओट्याचं काम चाललं त्या दिवसांच्या हजेऱ्या बिलात कशाला? तेवढं तपासा.

विचारणा (मानेवाडा): विचारलं. ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग उक्त्यात नव्हतं म्हणे.

धरमपेठ: मोल्डिंग सहसा रनिंग फुटानं, म्हणजे नुसत्या लांबीच्या फुटांवर मोजतात. फूट मोजून दर लावा, म्हणजे हजेरीचा प्रश्नच उरत नाही.

त्रिमूर्तीनगर: टक्क्यांचं सांगतो, कारण वाद तिथेच होतात. माल 1,00,000 चा आणि ‘वर 15 टक्के’ ठरले, तर बिल 1,15,000. पण ठेकेदार ‘बिलात माझे 15 टक्के’ म्हणाला, तर बिल होतं सुमारे 1,17,647, कारण ते टक्के मालाच्या किमतीचे नसून अख्ख्या बिलाचे. शब्द इकडचा तिकडे, फरक अडीच हजारांच्या वर.

15 ऐकून लगेच लूट म्हणू नका. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर विश्लेषणातही ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्केच धरतात. माल आणणं, हिशेब ठेवणं, फुटलेली टाइल बदलून आणणं हे कोणी फुकट करत नाही.

माझा आक्षेप दुकानातून मिळणाऱ्या सवलतीवर आहे. दुकानदारानं ठेकेदाराला छापील किमतीत सूट दिली, त्यानं छापील किमतीवर टक्के लावले, तर तो दोन्हीकडून घेतो. पक्कं बिल मागा आणि टक्के जीएसटीच्या आधीच्या रकमेवर की नंतरच्या, तेही विचारा.

इतवारी: पक्कं बिल मागितलं की ‘मग भाव वाढतीन’ ऐकायची तयारी ठेवा बाप्पा.

विचारणा (मानेवाडा): माझ्याकडे छापील किमतीवरच लावलेत. आता इलेक्ट्रिशियनचं बिल आलंय, ‘पॉइंट’प्रमाणे. एका बोर्डावर चार स्विच असले तर पॉइंट एक की चार?

धरमपेठ: पंखा, दिवा, प्लग असं एकेक टोक म्हणजे एक पॉइंट. त्या चार स्विचांवर काय काय चालतं, ते मोजा.